चाचांचा हात आणि लाल गिटार

आमच्या घरात वाद्य कानाने निवडत नसत, हाताने निवडत. आमचा लग्नाचा बँड होता, दारव्ह्याला. अब्बा कॉर्नेट, म्हणजे छोटं पितळी ट्रंपेट, वाजवायचे आणि बँडमास्टर होते. चाचा, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, मोठा ढोल वाजवायचे. शिवाय सामान घेणं, विकणं, डागडुजी करणं हे सगळं त्यांच्याकडे होतं. कुठे एखादा बँड बंद पडला की त्याची पितळी वाद्यं वजनावर विकायला निघायची. चाचा तिथे जाऊन एकेक वाद्य तळहातावर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "हे घ्या, ते ठेवा." जाड पितळ म्हणजे जड वाद्य. वरातीत कोणाचं कोपर लागलं तरी त्याला पोचा पडत नाही. उद्या आपलाच बँड बुडाला तरी मोडीत वजनाचे पैसे येतात. हलकं वाद्य म्हणजे पातळ पत्रा, आणि पातळ पत्रा म्हणजे फसवणूक. हे शास्त्र पितळेपुरतं बरोबर होतं, हे मी आजही कबूल करतो. पण ते त्यांनी माझ्या गळ्यात अडकवलं, त्याचा राग मला आजही आहे. इतक्या वर्षांनी तो निवायला हवा होता असं माझी बायको म्हणते. तिने ती गिटार कधी गळ्यात घेतली नाही.

मी आधी क्लॅरिनेट वाजवायचो. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, मला मिशी नुकती फुटली होती आणि लग्नसराईत माझ्या क्लॅरिनेटला मागणी होती. असंच एका लग्नात फुंकता फुंकता ठसका लागला आणि रुमालात लाल आलं. मग यवतमाळचा दवाखाना, इंजेक्शनं, लोखंडी खाट आणि छताकडे बघत काढलेले महिने. बरा झालो. निघताना डॉक्टर म्हणाले की फुंकायचं आता विसर आणि ओझं उचलू नकोस.

घरी आलो तर माझा पेला वेगळा, ताट वेगळं. जिथे माझं लग्न ठरत होतं त्या लोकांनी निरोप पाठवला की पोरगी अजून लहान आहे. ती लहान नव्हती. गल्लीतली माणसं मला बघून आवाज बारीक करायची, जणू मी झोपलोय. शिवी दिलेली परवडते, पण ही दया अंगाची आग आग करते.

चाचांनी माझी सोय लावली होती. आमच्या वरातीत मागून एक हातगाडी चालायची. तिच्यावर बॅटरी, ॲम्प्लिफायर आणि भोंगा. मी त्या गाडीवर बसून माइकमध्ये नवरदेवाचं नाव पुकारायचं, पाहुण्यांचं स्वागत करायचं.

"बसून राह्यजो आरामात," चाचा म्हणाले. "तुले कायले तरास?"

मी म्हणालो, "मी बॅटरी हाय काय, गाडीवर ठेवाले?"

 लहानपणी अब्बांनीच मला शिकवलं होतं की बँडवाला नवरदेवाच्या म्होरं आपल्या पायानं चालते. गाडीवर बसलेला माणूस म्हणजे सामान. मला सामान व्हायचं नव्हतं. मला वरातीत चालत वाजवायचं होतं. बाकी पेला वेगळा असो, ताट वेगळं असो, मला त्याचं काही नव्हतं.

गिटार मला दवाखान्यातच भेटली. तिथल्या कंपाउंडरकडे एक जुनी, साधी, पोकळ गिटार होती. दुपारी काम कमी असलं की तो मागच्या ओट्यावर बसून वाजवायचा. मी बाजूला बसायला लागलो आणि हळूहळू त्याने मला शिकवली. बोटं क्लॅरिनेटने तयार होतीच. पुढे त्याची बदली झाली आणि गिटार त्याच्याबरोबर गेली. मग यवतमाळला एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा आला. त्यात एक बारकासा माणूस उभा राहून विजेची गिटार वाजवत होता. पट्टा गळ्यात, वायर भोंग्याला, आणि बोटाच्या टोकाने नुसतं छेडलं की सगळं आवार दणाणत होतं. छातीचं कामच नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजमागे गेलो आणि एकदा गळ्यात घालू द्या म्हणालो. भला माणूस होता, दिली. ती इतकी हलकी होती की मी तिथल्या तिथे चार पावलं चालून पाहिली. तो हसला आणि म्हणाला, उभ्याने वाजवायची तर हलकीच घ्यायची, नाहीतर रात्री खांदा बोलतो.

हे सगळं मी घरी सांगितलं. अब्बांपुढे बसून सांगितलं. "अब्बा, एकच अट हाय. गिटार हलकी पाहिजे. रंग कसाही चालन, जुनी चालन, पण हलकी." अब्बांनी मान डोलावली. चाचाही तिथेच पान लावत बसले होते. त्यांनीही ऐकलं. बहिऱ्यांना सांगितलं असतं तर त्यांनी निदान हाताने विचारलं असतं, काय म्हणतोस म्हणून.

आम्ही तिघं एस.टी.ने नागपूरला गेलो. दुकानात भिंतीवर विजेच्या गिटारी टांगल्या होत्या. मी एकेक खाली घेतली, गळ्यात घातली, दोन पावलं चाललो, वायर लावून वाजवली. एक राखाडी रंगाची होती. अंग पातळ, लाकूड मऊ, एका कोपऱ्यावर रंगाचा टवका उडालेला. तारा हाताला मऊ लागत होत्या आणि आवाज स्वच्छ होता. गळ्यात आहे की नाही हे विसरायला होत होतं. टवक्यापायी किंमतही थोडी कमी होती. माझं काम झालं होतं.

"ही," मी म्हणालो.

चाचांनी ती तळहातावर घेतली, डोळे मिटले आणि लगेच उघडले. "हे तं पापड हाय. आत काहीच नाई."

"म्हणूनच पाहिजे."

"म्हणूनच नको. अबे, शहरातले लोकं असाच हलका माल गळ्यात बांधतेत. तू पोट्टा हायस, तुले काय समजते?"

मग त्यांनी भिंतीवरची लाल गिटार काढली. काढताना त्यांचाच हात खाली गेला आणि त्यांचं तोंड उजळलं. जाड, भरीव लाकूड, वर आरशासारखी चकाकी. त्यांनी तिच्या पाठीवर टिचकी मारली. आवाज आला तो लाकडी पाटावर मारल्यासारखा.

"हे पाय. ठोस! याले म्हंतेत माल."

"चाचा, मले ते गळ्यात घालून चालायचं हाय. मोडीत नाई विकायचं."

दुकानदाराने कुठली महाग आहे ते पाहिलं आणि तो लालच्या बाजूने झाला. "बडे मियाँ बराबर बोलते, ये टिकाऊ है." त्याला काय, त्याची पाचही बोटं तुपात. चाचांना तर जोर चढला. त्यांनी दोन्ही गिटारी उचलल्या, शेजारच्या किराणा दुकानात नेल्या आणि तिथल्या मोठ्या तराजूत घालायला लावल्या. एका पारड्यात गिटार, दुसऱ्यात लोखंडी वजनं. साखर घ्यायला आलेली माणसं बाजूला उभी राहून बघत होती. एकाने विचारलं, "भौ, किलोचा भाव काय?" सगळे हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी मनात आकडेमोड केली आणि मला समजावून सांगितलं की लाल गिटार थोडी महाग असली तरी शेरामागे स्वस्तच पडते.

शेरामागे! पितळेची मोड होते हो, लाकडाची मोड चुलीत होते. हे मी त्यांना तिथेच सांगितलं. पण गाढवापुढे वाचली गीता. आता वडीलधाऱ्याबद्दल असं बोलू नये म्हणतात, मग वडीलधाऱ्यांनी गिटार किराण्यात तोलू नये.

मी अब्बांकडे वळलो. माझी सगळी मदार त्यांच्यावर होती. अब्बांचा कान असा होता की वीस माणसांच्या गलक्यात कुणाचा सूर घसरला ते ते मागे न बघता सांगायचे. त्यांनी दुकानात माझं वाजवणं ऐकलं होतं. राखाडी वाजवताना त्यांच्या पायाने ठेका धरलेला मी स्वतः पाहिला होता. माझा डॉक्टर काय म्हणाला तेही त्यांना माहीत होतं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग तराजूकडे, मग भावाकडे.

"बेटा, त्याचा हात आजवर चुकला नाई," ते म्हणाले.

"हात चाचाचा हाय, अब्बा. मान माही हाय!" मी भर रस्त्यात ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे आवाज चढवला.

"रस्त्यात तमाशा नको," एवढंच म्हणून ते दुकानात पैसे द्यायला गेले. परतीच्या एस.टी.त चाचा ती लाल गिटार मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्यासाठी संत्री घेतली होती आणि एकेक सोलून पुढे करत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. एकही फोड खाल्ली नाही.

मला सगळ्यात चीड याची होती की त्यात दुष्टपणा कुठेच नव्हता. दुष्ट माणसाशी भांडता येतं. चाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला घरात बोलावून सांगायचे, "आमच्या पोट्ट्यासाठी आणली. उचलून पाय जरा." माणूस उचलायचा, वा वा म्हणायचा, चहा पिऊन जायचा. वाजवून दाखव असं मला एकानेही म्हटलं नाही. अम्मीने पट्ट्याच्या आतून कापूस भरून जाड गादी शिवली. तिने एकदा हातात गिटार घेऊन पाहिली आणि पुटपुटली, "नाकापेक्षा मोती जड केला माह्या लेकराले." पण पुटपुटलीच. मोठ्याने बोलली असती तर काय झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

मी अंगणात चालायचा सराव करायचो. भिंतीपासून विहिरीपर्यंत आणि परत. खांद्यावर पट्ट्याचा वळ उठायचा, तो सदऱ्याखाली झाकायचो. दम लागला की तार जुळवण्याचं निमित्त करून उभा राहायचो. गिटार जड होते असं म्हणालो असतो तर चाचांनी आनंदाने गाडीवर गादी टाकली असती. म्हणजे ज्या अडचणीसाठी हलकी मागितली ती अडचण आता लपवून ठेवायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पहिलं लग्न बाभुळगावच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरचं होतं. उन्हाळा रणरणत होता. मारुतीच्या देवळापासून वरात निघाली. पुढे अब्बा कॉर्नेट घेऊन, मागे सगळे पितळवाले, चाचा ढोल घेऊन, मग मी, माझ्यामागे वायर आणि गाडी. मी पहिली तान छेडली आणि भोंग्यातून ती अशी काही निघाली की घोडा बिचकला आणि पोरी ओट्यावरून उड्या मारून धावत आल्या. नाचणारे माझ्याभोवती गोळा झाले. एका म्हाताऱ्याने फेट्यातली नोट काढून माझ्यावरून ओवाळली. दवाखान्यातून आल्यापासून इतक्या जवळ येऊन कोणी उभं राहिलं नव्हतं. मी चालत होतो आणि वाजवत होतो. खोटं कशाला बोलू, त्या वेळी लाल गिटारही मला सुंदर वाटली.

मग बाजारचौक आला आणि नाचणाऱ्यांनी वरात अडवली. पुढे सरकेचनात. तेच गाणं पुन्हा, पुन्हा. पट्टा मानेत रुतत चालला होता. कापसाची गादी घामाने भिजून दगड झाली होती. डावा हात बधिर झाला आणि एक सूर चुकला, मग दुसरा. श्वास वरच्या वर तुटायला लागला. चाचांनी ढोल वाजवतच मागे पाहिलं आणि ओरडले, "बस गाडीवर! बस म्हंतो ना!"

मी मान हलवली. मरेन पण बसणार नाही, असं माझ्या मनात शब्दशः आलं. आणि मला वाटतं, त्या दिवशी ते फार दूरही नव्हतं.

तेवढ्यात कॉर्नेट थांबलं. लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट थांबलं म्हणजे बोलणाऱ्याची जीभच थांबली. अब्बा रांगेतून मागे आले, कॉर्नेट त्यांनी काखेत मारलं, माझ्या बाजूला उभे राहिले आणि उजवा तळहात माझ्या गिटारीखाली घातला. एकदम माझ्या मानेवरचं सगळं ओझं गेलं. माझी बोटं सुटली. त्यांनी मला हळूच पुढे ढकललं आणि आम्ही दोघं चालू लागलो, ते ओझं धरून आणि मी वाजवत.

नवरदेवाचा मामा आडवा आला. "मास्तर, तुमचा बाजा काहून बंद?"

"हात रिकामा नाई, पाटील," अब्बा म्हणाले.

मांडवापर्यंत ते तसेच चालले. त्यांच्या हाताची शीर फुगलेली मला दिसत होती. लोक नाचत होते, कोणाला काही कळलं नाही. मी चांगला वाजवत होतो आणि रागाने माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. बघणाऱ्यांना ते पोरगं भारावलंय असं वाटलं असेल. मांडवाच्या दारात वरात थांबली, मी गिटार गळ्यातून काढली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अब्बा, हा हात नागपूरले कुठी होता?"

अब्बा कॉर्नेटचं तोंड सदऱ्याने पुसत राहिले. चाचा म्हणाले, "बापाशी असं बोलते काय?"

"तुमच्याशीच बोलून राह्यलो मी, दोघाईशी," मी म्हणालो आणि जेवायच्या पंगतीला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन मी गावच्या सुताराकडे गेलो. तो बैलबंड्या बनवायचा. त्याला म्हणालो, ही पाठीकडून आतून कोरून काढ, फक्त कडा ठेव, तारा आणि वायरींच्या जागेला हात लावू नको, वरून पातळ फळी बसवून दे. तो गिटारीकडे आणि माझ्याकडे बघत राहिला. "नवी कोरी वस्तू हाय बापू. हिच्यात पटाशी घालू कायले?" मी म्हणालो, तू घालत नसशील तर पटाशी मला दे. मग त्याने घातली. लाल रंगाच्या आतून पिवळं लाकूड निघायला लागलं. पहिला ढलपा उडाला तेव्हा मला जे बरं वाटलं, ते मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही. त्यात गिटारीचं बरं-वाईट नव्हतं. कोणाच्या तरी डोक्यात पटाशी घालायची होती, ती लाकडात गेली, इतकंच.

अर्धं काम झालं तोवर चाचांना कोणीतरी सांगितलं. ते अनवाणी धावत आले. "अबे ठोस मालाची माती करून राह्यला! नासवली पूर्ण!" ते सुताराच्या अंगावर गेले. सुताराने माझ्याकडे बोट दाखवलं. मी एका बंडीच्या चाकावर बसलो होतो, उठलो नाही. माझ्या पायाशी ढलप्यांचा, भुशाचा, लाकडाच्या तुकड्यांचा ढीग पडला होता.

चाचा खाली वाकले. लाकूड खरं आहे की नाही हे बघायला असेल, किंवा नुसती सवय असेल. त्यांनी तो सगळा ढीग आधी धोतराच्या सोग्यात भरला, मग त्याची मोट बांधून उजव्या तळहातावर घेतली आणि डोळे मिटले. ते लवकर उघडले नाहीत. सुतार पटाशी घेऊन तसाच थांबला. चाचांनी मोट डाव्या हातावर घेतली, पुन्हा उजव्या.

"एवढं?" ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "एवढंच सांगत होतो दुकानात."

 मग ते सोगा तसाच धरून घरी गेले. ढलपे त्यांनी खाली टाकले नाहीत. त्या संध्याकाळी अम्मीने ते चुलीत घालायला मागितले तर चाचांनी दिले नाहीत.

गिटारीचा आवाज पहिल्यापेक्षा थोडा बारीक झाला. पाठीची फळी जरा वेडीवाकडी बसली होती. पण ती गळ्यात घालून चालता येत होतं. पुढच्या लग्नाच्या गावी पोचल्यावर चाचांनी नेहमीप्रमाणे सगळं सामान गाडीतून उतरवायला घेतलं. पितळी वाद्यं उतरवून झाली आणि शेवटी त्यांनी माझी गिटार हातात घेतली. यावेळी तळहातावर तोलली नाही. दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे केली.

"तुले कशी लागते?" त्यांनी विचारलं.

आमच्या घरात हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला होता. तो नागपूरला, त्या तराजूशेजारी विचारायचा होता. तिथे विचारला असता तर अब्बांचं कॉर्नेट भर चौकात बंद पडलं नसतं. माझ्या जिभेवर हे सगळं होतं. पण अब्बा पुढे जाऊन उभे होते, कॉर्नेट तोंडाला लावून, माझी वाट बघत. मी चाचांच्या हातून गिटार घेतली. पट्टा गळ्यात घातला आणि अब्बांच्या मागे चालू लागलो.